आपल्या कात्रीस शिरसाष्टांग नमस्कार

परमपूज्य सेन्सॉरसाहेब,
मुक्काम पोस्ट बीजिंग

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहूनच गेले होते. चीनमधल्या झाडून साऱ्या मालिकांत कोणता पुरुष कोणत्या पुरुषाकडे किती सेकंद बघतो, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं म्हणजे खायचं काम नाही. मी महाराष्ट्रात बसून, मोबाइलवर, इंग्रजी सबटायटल वाचत त्याच मालिका बघणारी एक सामान्य बाई. कामाच्या रगाड्यात माझ्या चार ओळी वाचायची तसदी घ्यावी, ही प्रार्थना.

पहिले आभार 'अ‍ॅडिक्टेड'चे. शाळकरी वयातल्या दोन मुलांच्या प्रेमाची ही वेबमालिका जानेवारी 2016 मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारीत, शेवटचे तीन भाग उरलेले असताना, गायब झाली. ते तीन भाग मग यूट्यूबवर आले, म्हणजे जे आपल्याकडं बंद असतं तिथं. बारा भाग आपल्या देशबांधवांना, पंधराच्या पंधरा आम्हा परक्यांना. पाहुणचार असावा तर असा! आणि ते दोघे नायक पुन्हा जोडीनं पडद्यावर दिसले नाहीत, ही खबरदारीही आवडली. साथीचे रोग असेच आटोक्यात येतात.

बाकी हा रोग नाही, असं आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये ठरवून समलैंगिकता मानसिक आजारांच्या यादीतून काढली होती. त्याआधी 1997 मध्ये ती फौजदारी कायद्यातूनही सुटली होती. गुन्हा नाही, आजार नाही. मोकळं सुटलेलं माणूस असं रस्त्यावर सोडून कसं चालेल? म्हणून 2015 च्या अखेरीस आलेल्या मालिकांच्या नियमावलीत त्याला सोय करून दिली गेली, थेट लैंगिक विकृती आणि लैंगिक अत्याचार यांच्या पंगतीत. पाट-रांगोळीच काय ती राहिली.

'गार्डियन'चे आभार वेगळे. 2018 ची ही मालिका ज्या कादंबरीवर बेतली, तिच्यात दोन पुरुषांचं प्रेम होतं आणि पाताळातली भुतंखेतं होती. आपल्याला दोन्ही वर्ज्य. मग भुतांचे परग्रहवासी झाले आणि प्रियकरांचे जिवलग दोस्त. प्रेक्षकांनी त्या दोस्तीला लगेच नाव ठेवलं, 'समाजवादी बंधुभाव'. हसू नका साहेब, ते आपल्या आदरापोटीच ठेवलं होतं.

आता 'द अनटेम्ड'. इथं मात्र मला पदर खोचून बसू द्या, कारण आपली थोरवी मला इथंच खरी कळली. 2019 ची मालिका, भाग 50. मूळ कादंबरीत वेइ वूश्यान आणि लान वांगजी यांचं प्रेम उघड आहे, लग्नापर्यंत जाणारं. मालिकेत ते एकमेकांचे आदरणीय सहकारी. एका प्रसंगात दोघं गुहेत अडकलेत, वेइ तापानं फणफणलाय आणि लान त्याला एक धून ऐकवतोय. तिचं नाव काय, असं वेइ विचारतो. लानचे ओठ हलतात, आवाज मात्र आपल्यापर्यंत येत नाही. त्या ओठांवर दोघांच्या नावांतलं एकेक अक्षर जोडलेलं आहे, हे शोधून काढायला माझ्यासारख्या बायकांनी तो तुकडा मागे नेऊन नेऊन पाहिला. कुठल्याही चुंबनाकडं इतकं टक लावून कुणी पाहिलं नसेल. शेवटच्या भागात वेइ डोंगरकड्यावर एकटाच बासरी वाजवतो, मागून कुणीतरी नावानं हाक मारतं, तो वळतो आणि हसतो. संपलं. 50 भागांची बेगमी त्या एका हसण्यात. श्याओ झान नावाचा नट ते हसतो असं, की नियमावलीतली सगळी कलमं पाठ असलेल्या माणसालाही त्यात नेमकं काय कापावं ते सुचू नये.

'वर्ड ऑफ ऑनर'मध्ये (2021) तर आपण आमची परीक्षाच घेतलीत. आपल्याकडच्या मालिकांचं डबिंग मागाहून होतं, तेव्हा ओठांवर एक वाक्य आणि कानावर दुसरं अशी सोय आयतीच असते. नट भलतंच काही बोलून गेलेला, आवाज मात्र सभ्य, सात्त्विक. चिनी भाषा येत असलेल्या प्रेक्षकांनी ओठ वाचून मूळ वाक्यं हुडकली आणि आमच्यासारख्या अडाण्यांना सांगितली. एका तिकिटात दोन मालिका!

बंधनातून कला फुलते, असं आपले काही चाहते म्हणतात. मीही त्यात होते म्हणा ना. थायलंडच्या अशाच मालिका पाहिल्या की हा विचार जास्तच पटतो. तिथं आडपडदा नाही, पण इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं मात्र कधीच अभ्यास करत नाहीत आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगात नायक थांबून कुठल्याशा क्रीमची ट्यूब कॅमेऱ्यापुढं धरतो. जाहिरातदारांनाही पोट आहे, हे कबूल. तरी गुहेतल्या त्या मुक्या ओठांपुढं हे सगळं फिकंच.

पण साहेब, फुललेल्या कलेचं आपण पुढं काय केलंत? ज्यांनी भुतांचे परग्रहवासी केले, प्रियकरांचे बंधू केले, ओठांवरची वाक्यं गिळली, ज्यांनी आपला एकूण एक नियम पाळला, त्यांचंच दुकान 2021 च्या सप्टेंबरपासून बंद झालं. आज्ञाधारक मुलाला आधी बदडावं, वांड पोरं आपोआप सुधारतात, ही जुन्या मास्तरांची रीत आपण चालू ठेवलीत. अशीच एक मालिका 'हाओ यी शिंग' 2020 मध्ये चित्रित झाली आणि अजून डब्यात आहे.

त्याच सप्टेंबरात आपण 'बायकी' पुरुषांनाही पडदाबंदी केलीत. त्याआधी 2019 मध्ये एका स्ट्रीमिंग कंपनीनं पुरुष कलाकारांच्या कानांतले डूल धूसर करून दाखवले, तेव्हाच मला आपल्या धाकाची कल्पना आली होती. आमच्या नाना फडणविसांचं नशीब थोर की त्यांच्यावर आपल्याकडं मालिका निघाली नाही. भिकबाळीभोवती धुकं धरून पेशवाईचा कारभार चालवावा लागला असता बिचाऱ्यांना.

तसे आम्हीही अगदीच निर्धास्त नाही, हं. आमच्याकडं नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळापुढं ठेवावी लागते आणि 'सखाराम बाइंडर' या नाटकावर तर बंदीच आली होती. तरी पण 2025 मध्ये 'साबर बोंडं' नावाचा मराठी चित्रपट आला. वडिलांच्या सुतकात गावी आलेला एक मुलगा आणि तिथला शेतकरी मित्र, दोघांचं प्रेम. सनडान्स महोत्सवात बक्षीस मिळवून मग तो आमच्या थिएटरांतही लागला. यात आपला काही हात नव्हता, म्हणून आभारही नाहीत.

लेखिकांबद्दलचे आभार मात्र मला नीट मानता येत नाहीत. पुरुषांच्या प्रेमाच्या या कादंबऱ्या बहुतेक बायकाच लिहितात आणि बायकाच वाचतात. 2018 मध्ये वूहू शहरातल्या एकीला अशी एक कादंबरी लिहून विकल्याबद्दल साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. 2025 मध्ये लानचौच्या पोलिसांनी कितीतरी तरुण लेखिकांना चौकशीला उभं केलं. अश्लील साहित्य, असं कलम. कोर्टातली आणि पोलिसांतली ही मंडळी आपल्या खात्यातली नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण आपण खिडक्या लावून घेतल्यात आणि त्यांनी दाराला कडी घातली, इतकं ते काम जमून आलंय. इथं मला पुढचा विनोद सुचला नाही, माफ करा.

असो. आपल्या औदार्याचा शेजाऱ्यांना किती लाभ झाला, तेही ऐका. 'अ‍ॅडिक्टेड' 2024 मध्ये थायलंडनं पुन्हा केली. 2025 मध्ये त्याच लेखिकेच्या कादंबरीवर 'रिव्हेंज्ड लव्ह' आली. लेखिका चिनी, नट चिनी, संवाद चिनी. बघायची सोय तेवढी देशाबाहेर. मी बघितली. शेवटच्या सगळ्या भागांसकट.

तेव्हा साहेब, मागणं एकच. 'हाओ यी शिंग'चा डबा उघडा. हवं तर नायकांना मामेभाऊ करा, परग्रहवासी करा, कानांभोवती धुकं सोडा. ओठ तेवढे झाकू नका, पुढचं आमचं आम्ही बघून घेऊ.

कळावे. लोभ असावा, पण मालिकांवर नको.

आपली नम्र,
एक प्रेक्षक

ता. क. दोन हजार वर्षांपूर्वीचे आपले सम्राट आय. त्यांचा लाडका तुंग श्यान त्यांच्या बाहीवर झोपला होता, तर त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राटांनी आपली बाहीच कापली, अशी नोंद हान घराण्याच्या इतिहासात आहे. हा ग्रंथ आपल्या ग्रंथालयांत अजून राजरोस मिळतो म्हणे. नजरचुकीनं राहिलं असावं. लवकर बघून घ्या.