मेट्रोच्या फुटपाथवरील जबानी

(स्थळ : वाशीम, बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे एक हॉटेल. काळ : 1954 चा एप्रिल. वाशीम हा तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. स्वतंत्र जिल्ह्याचा मान मिळावयास अजून 44 वर्षे अवकाश असल्यामुळे पुढीलसारखे वाद तालुक्याच्याच पातळीवर निकालात काढावे लागत. पात्रे : सेवानिवृत्त शिरस्तेदार, मुंबईहून परतलेले कापसाचे दलाल आणि हॉटेलवाला.)

शिरस्तेदार : तर शेठ, आपण मुंबईस गेलात कापसाच्या भावासाठी आणि परतलात ते दिलीपकुमारांचे साक्षात् दर्शन घेऊन, अशी जी वदंता तहसील कचेरीपासून पद्मतीर्थापर्यंत पसरली आहे, तिला आधार काय, हे एकदा आपल्याच मुखाने ऐकावे म्हणतो.

दलाल : आधार मी स्वतः! मार्चची 21 तारीख, वार रविवार, बाजार बंद. पाय नेतील तिकडे निघालो, तो धोबीतलावास मेट्रो थिएटरासमोर ही गर्दी! चौकशी करता समजले की, ‘फिल्मफेअर’ नामक इंग्रजी पाक्षिकाने यंदापासून चित्रपटांस पारितोषिके देण्याचे योजिले असून, वीस हजारांवर वाचकांनी मते देऊन निवडलेल्या मंडळींचा सत्कार आत व्हावयाचा आहे.

शिरस्तेदार : मते? मतदारांची यादी कोणी प्रमाणित केली? हरकतींना मुदत दिली होती?

दलाल : साहेब, ती सार्वत्रिक निवडणूक नव्हती.

शिरस्तेदार : बरे. आपण उभे कोठे होता? चतुःसीमा सांगा.

दलाल : पुढे पाचसहा रांगा माणसांच्या, मागे ट्राम, डावीकडे दिव्याचा खांब, आणि नेमके नाकासमोर एक पारशी गृहस्थ, ज्यांची काळीभोर उंच पगडी, मी उजवीकडे झुकलो की उजवीकडे आणि डावीकडे झुकलो की डावीकडे, अशा निष्ठेने माझ्या दृष्टीच्या आड येत होती की, ह्या सद्गृहस्थांस पाठीस डोळे असावेत अशी माझी खात्री झाली.

शिरस्तेदार : आणि पाहिलेत काय?

दलाल : मोटार थांबली, दार उघडले, एकच गलका झाला, हवालदाराची काठी आडवी आली, आणि त्या काठीच्या वर नि पगडीच्या खाली जी चार बोटे फट उरली होती, तिच्यातून एक पांढरीशुभ्र बाही निघून गेली.

शिरस्तेदार : बाही.

दलाल : बाही! मनगटाशी दोन बोटे दुमडलेली.

शिरस्तेदार : ती दिलीपकुमारांचीच, ह्यास पुरावा?

दलाल : गर्दी तसे ओरडली.

शिरस्तेदार : ऐकीव. नामंजूर.

दलाल : अहो, उत्कृष्ट नटाचे पारितोषिकच त्यांना होते, तर ते येणारच की!

शिरस्तेदार : पगार मंजूर झाला म्हणजे कारकून हजर होता असे सिद्ध होत नाही, हे मी 30 वर्षांच्या नोकरीच्या अनुभवावरून सांगतो. पारितोषिक कशाबद्दल?

दलाल : ‘दाग’मधल्या कामाबद्दल. दारूपायी वाया गेलेला तरुण आहे तो. नटींमध्ये मीनाकुमारी, संगीताबद्दल नौशाद, दोघेही ‘बैजू बावरा’चे. आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’. दिग्दर्शनाचेही पारितोषिक त्यांनाच.

शिरस्तेदार : बिघा हे माप आमच्या दप्तरात नाही. एकर-गुंठ्यांत सांगा.

हॉटेलवाला : (कपबशी ठेवीत) मी पायला थो पिच्चर अकोल्याले. जमिनीपायी शेतकरी कलकत्त्याले जाते अन रिक्षा वढते. मंग मले सांगा साहेब, जमीन गेली बलराज सहानीची, रिक्षा वढू वढू छाती फुटली त्याची, अन बक्षीस भेटलं दारू पेणाऱ्याले? काहून?

शिरस्तेदार : चित्रपटाला मिळाले ना? म्हणजे जमिनीला मिळाले, कुळाला नाही. महसूल खात्यातही असेच असते.

दलाल : पण खरी मौज पुढेच आहे. प्रमुख पाहुणा म्हणून खुद्द हॉलिवुडचा ग्रेगरी पेक यावयाचा होता, आणि त्याचे विमान कोलंबोहून निघावयासच इतका विलंब झाला की, समारंभ आटोपला तरी पाहुण्याचा पत्ता नाही. स्वारी उगवली ती नंतरच्या मेजवानीलाच! म्हणजे निमंत्रणपत्रिका दाखवून, अत्तर लावून, आत मऊ खुर्च्यांवर बसलेल्यांना तो दिसला नाही, आणि फुटपाथवर चपलेचा अंगठा तुटेपर्यंत उभ्या राहिलेल्या मलाही दिसला नाही. न दिसण्यात आम्ही समसमान. वर बाही माझी अधिक.

शिरस्तेदार : (प्रथमच किंचित चलबिचल होऊन) हा मुद्दा मात्र विचारार्ह आहे. आणि ती बक्षिसाची पुतळी?

दलाल : आपल्या पानसऱ्यांनी घडवलेली म्हणतात. ती आतल्यांनी पाहिली.

शिरस्तेदार : मग लिहून घेतो. “साक्षीदाराने एक पांढरी बाही चार बोटे फटीतून पाहिली, बाहीत हात असावा, हाताचा धनी निश्चित करता आला नाही, ग्रेगरी पेक साक्षीदारास व निमंत्रितांस सारखाच दिसला नाही.” करा सही.

(एवढ्यात मालेगावच्या मोटारीतून उतरलेले चौघे गिऱ्हाईक आत येतात.)

हॉटेलवाला : या, या, बसा राजेहो! हे शेठजी पायले का? मुंबईले यायनं दिलीपकुमारचा हात हातात घेतला हाय!

(चौघे उभ्याउभ्याच दलालांच्या उजव्या हाताकडे आदराने पाहतात. एकजण तो हात हळूच चाचपूनही पाहतो. दलाल काही बोलत नाहीत. फक्त बाही थोडी वर सरकवतात.)

दलाल : (हलक्या आवाजात) शिरस्तेदारसाहेब, आता ह्या मंडळींसमोर नाही कसे म्हणू?

शिरस्तेदार : (लेखणी पुन्हा दौतीत बुडवीत) “हातात घेतला” हे टिकणार नाही, शेठ. “स्पर्श झाला असावा, असा साक्षीदाराचा प्रामाणिक समज आहे,” असे घालू. अपिलातसुद्धा कोणी फिरवू शकणार नाही. आणि साक्षीदार क्रमांक दोन म्हणून माझे नाव घाला. त्या रविवारी मी रजेवर होतो, असे दाखवता येईल.

हॉटेलवाला : तुमी त रिटायर हाय ना साहेब?

शिरस्तेदार : म्हणूनच तर रजेचा अर्ज कोणी मागणार नाही. चहा आण.