बिनफेजची गिटार

इलेक्ट्रिक गिटार उघडायची तर दार लावून उघडावी. गोंदियाला खेटलेल्या आमच्या मुर्रीत अंगणात नुसता पेचकस काढला तरी माणसं जमतात, आणि त्यातला प्रत्येक जण पंपाचा स्टार्टर स्वतः खोलणारा असतो. त्यांच्यात आमचे मामाजी म्हणजे हायकोर्ट. धानाच्या पंपांच्या आणि राईस मिलच्या मोटारी रिवाइंड करण्यात त्यांची हयात गेली. विजेची कुठलीही वस्तू ते आधी हुंगून बघतात आणि जळका वास आला नाही तर जरा हिरमुसतात.

माझी गिटार सेकंडहँड. तीन पिकअप, एक पाच खाचांचा स्विच, तीन बटणं. आधीच्या मालकानं आत काय दिवे लावले होते देव जाणे. स्विच कुठेही ठेवा, वाजायचा एकच पिकअप, आणि सोबत अखंड गुणगुण. ही गुणगुण 50 हर्ट्‌झची, म्हणजे घरच्या विजेचीच. सुरात पाहिली तर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध कुठेतरी. एकाही भजनी मंडळाच्या कामाची नाही.

“फेज कोनता?” मामाजींनी विचारलं.

“यात फेजच नाही, मामाजी.”

“बिनफेजचं कसं वाजन गा?”

मी पिकअपचं झाकण काढलं. सहा चुंबकी खुंट्या आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे आठेक हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत इवलासा करंट उठतो. मामाजींनी चष्मा वर केला. “हा तं डायनामो होये!” आणि गिटार बिरादरीत दाखल झाली.

लगेच रंगांवरून वाजलं. इथे पांढरी वायर आवाजाची आणि काळी अर्थची. मामाजींच्या हयातीत काळी म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ म्हणजे हिरवी. अर्थची एक वायर ब्रिजला, म्हणजे थेट तारांना जोडलेली असते हे ऐकल्यावर मात्र ते गंभीर झाले. अॅम्प्लिफायरचं अर्थिंग नीट नसेल तर वाजवणाऱ्याची बोटंच वायरिंगचा भाग होतात. झाडीपट्टीच्या मंडपात रात्रभर वाजवणाऱ्यांना माइकला ओठ लागल्यावर काय झणझणतं ते विचारा. मामाजी बोलले नाहीत. उठले, अंगणातल्या अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून आले, मगच बसले.

सामान आणायला बाजारात गेलो. टोनच्या बटणासाठी 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा होता. दुकानदारानं पंख्याचा 2.5 चा काढून दिला, वर “मोठाच घ्या, टिकल” असा सल्ला. पन्नासपटीहून मोठा! तो लावून टोन उतरवला असता तर गिटार धानाच्या पोत्यात कोंडल्यासारखी वाजली असती. व्हॉल्यूमसाठी त्याच्याकडे ‘बी’ छापाचा पॉट होता, सरळ चालीचा. आपला कान सरळ चालत नाही, म्हणून ‘ए’ लागतो. ‘बी’चं बटण बराच वेळ फिरवूनही फरक कळत नाही आणि शेवटी आवाज एकदम पडतो. ‘ए’ शेवटी एका जुन्या रेडिओतून निघाला.

डाग मामाजींनी दिले. पॉटच्या पाठीवर डाग बसत नाही, पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो. त्यांनी काचपेपरनं पाठ घासली, राळ लावली, कावियाचं टोक टेकवून श्वास धरला. कथील आधी गोळा होऊन रुसलं, मग एकाएकी चकाकत पसरलं. मोटारवाल्या जाड बोटांना स्विचचे आठ बारके पाय कसे सापडले, हे मला अजून उमगलेलं नाही.

स्विच दुसऱ्या खाचेत टाकला, दोन पिकअप एकदम लागले, गुणगुण गायब. मामाजींना कारण सांगावं लागलं नाही: मधल्या पिकअपचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा, त्यामुळे विजेचा गोंगाट आपसात कटतो आणि तारेचा आवाज तेवढा उरतो.

“हे मधलं कोनं काढलं?”

सांगितलं. 1954 मध्ये फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा स्विचला तीनच खाचा होत्या. वाजवणारे दांडी दोन खाचांच्या मध्ये अडकवून तो आवाज काढायचे. कंपनीनं पाच खाचांचा स्विच बसवला 1977 मध्ये.

“तेवीस साल?” मामाजींनी हिशेब केला. “मंग अडकवनाऱ्याइले पैसे किती देल्ले?”

“काहीच नाही.”

“असंच असते,” मामाजी म्हणाले आणि माझा पेचकस खिशात घालून घरी गेले.