वाढती संस्था, स्थिर फडताळ

रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी अखेरच्या सूत्रानुसार ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव संस्था असते. मात्र दोन खोल्यांच्या सदनिकेत ती पलंगाखाली, शिवणयंत्रावर आणि शेवटी माळ्यावर वाढते, याची दखल त्या सूत्रात नाही. ग्रंथनिष्कासन, म्हणजे निरुपयोगी ठरलेली पुस्तके संग्रहातून बाद करण्याची प्रक्रिया, घरोघरी दिवाळीच्या साफसफाईत मोठ्या निर्धाराने आरंभली जाते आणि पहिलेच पुस्तक उघडून गृहस्थ फरशीवर वाचत बसले की तेथेच आटोपते. मग दुहेरी मांडणीचा, म्हणजे एका रांगेपुढे दुसरी रांग लावण्याचा, अवलंब होतो. परिणामी मागच्या रांगेतले पुस्तक हरवले असे समजून त्याचीच दुसरी प्रत विकत आणली जाते. दर्शनी रांग अर्थातच मराठी विश्वकोशाच्या वीस खंडांना मिळते, कारण ते पाहुण्यांना दिसावे लागतात (घरच्यांना ते लागतातच असे नाही). पिवळ्या पडलेल्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सुतळीने बांधून रद्दीवाल्यासाठी दाराशी ठेवला, तरी त्याचा तराजू निघेपर्यंत निम्मे अंक पुन्हा आत आलेले असतात. निष्कासनाचे काम विनातक्रार पार पाडते ती एकटी कसर, म्हणजे कागद आणि बांधणीची खळ खाणारा चंदेरी कीटक. पण तीही सुरुवात नेमकी दुर्मिळ आवृत्तीपासून करते.