हिरवी नंबरप्लेट आणि निळा धूर

मा. अध्यक्ष,
आमची गृहनिर्माण सोसायटी, बीड बायपास,
छत्रपती संभाजीनगर



नव्या इलेक्ट्रिक कारबद्दल अभिनंदन. हिरवी नंबरप्लेट आपल्याला शोभते. चार्जिंग पॉइंट बसला त्या दिवशी आपण पेढे वाटलेत आणि पर्यावरणावर चार शब्दही बोललात. ते नीट ऐकू आले नाहीत, कारण मागे लॉनवर ग्रास कटर चालू होता.

हे पत्र त्या कटरबद्दलच आहे.

रविवारी सकाळी माळीमामा ते पेट्रोलचं मशीन खांद्याला अडकवतात, तोंडाला रुमाल बांधतात आणि दोरी ओढतात. मग तासभर कोणी कोणाशी बोलत नाही. चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज शंभर डेसिबलच्या आसपास. रहिवासी भागात दिवसा पंचावन्नची मर्यादा आहे म्हणतात, पण ती गणपतीतल्या डीजेसाठी असावी. निळसर धूर पहिल्या मजल्यावरच्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचतो.

ते टू-स्ट्रोक इंजिन आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. ताजं मिश्रण आत येताना धुराची वाट उघडीच असते, त्यामुळे इंधनाचा चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, न जळताच बाहेर पडतो. म्हणजे शंभराच्या पेट्रोलमधलं पंचवीस रुपयांचं आम्ही नाकाने पितो. मेंटेनन्स वेळेवर भरूनसुद्धा!

खरं तर टू-स्ट्रोक म्हणजे काय हे या शहरात सांगावं लागू नये. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना आला तेव्हा जमाना त्याचाच होता. तो रस्त्यावरून गेला. बजाजची चेतक 2020 मध्ये परतली ती विजेवर. पुढे इथल्या उद्योजकांनी ग्रीन मोबिलिटीचं मिशन काढून इलेक्ट्रिक कार घाऊक घेतल्या. 2024 मध्ये एथर आणि टोयोटा किर्लोस्कर यांनी कारखान्यांसाठी आपल्या बिडकीनकडे मोर्चा वळवला. एवढं सगळं होऊनही टू-स्ट्रोक आपल्या कृपाछत्राखाली मेक्सिकन लॉनवर सुखरूप आहे. त्याला ना नंबरप्लेट, ना पीयूसी. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपलं शहर 2019 पासून आहे, ते बहुधा शेजारच्या सोसायटीमुळे.

कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने हिशेब मांडला आहे. व्यावसायिक लॉनमूव्हर एक तास चालवला तर धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं व्हायला आधुनिक कार सुमारे 480 किलोमीटर पळवावी लागते. इथून मुंबई गाठायची आणि तिथून पुणे. म्हणून कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये कायदा केला आणि 2024 पासून अशा नव्या पेट्रोल यंत्रांची विक्री थांबवायला घेतली. तिथे लॉनची हौस आपल्यापेक्षा मोठी आहे, हे लक्षात घ्यावं. (आपल्या लॉनला उन्हाळ्यात टँकर लागतो आणि आमच्या नळाला पाणी कधी येईल ते जायकवाडीलाच ठाऊक, पण तो विषय वेगळ्या पत्राचा.)

मागच्या सभेत विजेच्या कटरचा विषय निघाला तेव्हा आपण म्हणालात की वीजही कोळशाचीच. बरोबर. परळीच्या वीजकेंद्रातला तोच कोळसा आपल्या कारला मात्र गोड लागतो. कटरची बॅटरी पुरणार नाही, हेही आपलंच म्हणणं. टेनिस कोर्टाएवढं आपलं लॉन. बॅटरी नको असेल तर वायरवर चालणारा कटर मिळतो आणि चार्जिंग पॉइंट लॉनच्या कडेलाच आहे. मशीन ठेकेदाराचं आहे, हा आपला शेवटचा मुद्दा. पण वॉचमनही ठेकेदाराचाच आहे. त्याने कोणत्या रंगाचा शर्ट घालावा, हे मात्र कमिटी ठरवते.

आम्हाला त्यातून एवढंच समजलं की ज्यात अध्यक्ष बसतात ते आधी विजेवर येतं. जे माळीमामांच्या खांद्यावर बसतं त्याला बजेट नसतं. त्यांच्या कानाला साधे बोळेही आपण दिलेले नाहीत.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत विजेच्या कटरचा ठराव घ्यावा. सूचक म्हणून माझं नाव टाकावं. अनुमोदक पहिल्या मजल्यावर तयार आहेत.

कळावे,
आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा एक सभासद

ता.क. ठेकेदाराचा जुनं मशीन शेजारच्या सोसायटीला स्वस्तात देण्याचा विचार चालू असल्याचं कानावर आलं. वारा तिकडूनच इकडे येतो.