कोरियांचं चर्च आणि सरांचा स्लॅब

– वहिनी, ऐकलं का? कोपऱ्यावरचे सर अंगणावर स्लॅब टाकताहेत. सेंटरिंगच्या फळ्या उतरल्यासुद्धा.

– अख्ख्या अंगणावर? मग त्यांची सून बिबडे कुठे वाळवणार?

– बिबडे विकत आणतात हो ते. जाऊ द्या. लेकीकडून कधी आलात?

– परवा. मंगळवारी सिद्धिविनायकाला गेलो होतो. येताना दादरला पोर्तुगीज चर्चच्या स्टॉपवर उभं राहून मी विचारते, चर्च कुठंय? लेक म्हणे, आई, समोरच तर आहे! सिमेंटची मोठाली नरसाळी उलटी घातल्यासारखं दिसतं काकू. मनोरा नाही, काही नाही.

– माय! मग चर्च कशाचं ते?

– जागा 1596 पासूनची. जुनी इमारत पाडून 1974 ते 77 मध्ये आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी हे बांधलं. आत गेलो, तर बाहेरचे हॉर्न विसरायला होतात. उजेड उतरतो तो वरून. वरची रंगीत काच एम. एफ. हुसेनांची. आणि मधेमधे उघडे चौक.

– चर्चच्या काचेला हुसेन!

– मुंबई आहे ती.

– म्हणजे चर्च बांधणारे म्हणायचे हे कोरिया.

– असं कसं? जावई आर्किटेक्ट ना, रात्री जेवताना सुरूच झाला. भाकरी गार झाली माझी. म्हणे एक दादरचं, एक केरळात परुमलाचं, तेवढ्यावर चर्चवाले म्हणाल, तर गांधीवाले का नाही? साबरमतीचं गांधी संग्रहालय त्यांचंच.

– आपल्या जळगावच्या गांधीतीर्थासारखं?

– त्याच्या कितीतरी आधीचं. माणूस 1930 चा, घराणं गोव्याचं, शिकले अमेरिकेत. 1958 मध्ये हे काम हाती घेतलं तेव्हा तिशीसुद्धा नव्हती. 1963 ला नेहरूंनी उद्घाटन केलं. कौलारू छपरं, खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा, मधे पाण्याचा चौक. आपल्या उन्हाच्या मुलखात उघडं अंगण हीही घरातली खोलीच, असं त्यांचं म्हणणं.

– मे महिन्यात जळगावला येऊन बसा म्हणावं त्या खोलीत! पंचेचाळीस अंश.

– दुपारी कोण बसायला सांगतंय? धुळ्याला माहेरी, गल्ली नंबर पाचात, दुपारी सगळे आतल्या अंधाऱ्या खोलीत आणि रात्री चौकात खाटा. आठवा तुमचंही.

– खाटा होत्या, डासही होते. सर म्हणतात, वास्तुवाल्यानं सांगितलंय स्लॅब टाकायला.

– वास्तुवाल्यानं? काकू, जयपूरच्या जवाहर कला केंद्रात कोरियांनी नवग्रहांचे नऊ चौरस घेतले. एक मुद्दाम बाजूला सरकवलाय, जयपूर शहराच्या आखणीत सरकलाय तसा. आणि मधला, सूर्याचा, तो ठेवलाय मोकळा. वर आभाळ! ते नाही वाटतं सांगितलं सरांना?

– मोठ्या माणसांच्या मोठ्या जागा. साध्या माणसाला एक खोली वाढली तर हवीच असते.

– साध्या माणसांसाठीही बांधली की. नवी मुंबईत, बेलापूरला. घरं लहान, पण प्रत्येकाला आपलं अंगण. आणि भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे पुढे पैसे आले की आपल्या बाजूनं वाढवा, कोणाला विचारायला नको.

– मग वाढवली लोकांनी?

– वाढवली म्हणजे! मजल्यावर मजले चढवले कितीकांनी. काहींनी तर मूळ घरच पाडलं.

– बघा! सगळीकडे सरच राहतात. तुमच्या कोरियांना काय वाटलं असेल?

– त्यांना काय वाटायचं, वाढवायची सोय त्यांनीच ठेवलेली. मला खटकतं ते अंगण गेल्याचं.

– आमचे सर मात्र आपल्या बाजूनं नाही वाढवत. जरा इकडे या. तो कोपऱ्यातला कॉलम दिसतो? आपल्या कंपाउंडच्या भिंतीला खेटून उभा केलाय.

– अगं बाई! हे कधी झालं?

– तुम्ही दादरला चर्च बघत होतात तेव्हा. संध्याकाळी भाऊजी आले की पाठवा त्यांना, टेप घेऊन.