पोनीची पारख

ब्रिटनमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी पहिला पोनी, म्हणजे खांद्यापाशी १४८ सेंटिमीटरांहून अधिक न भरणारा बुटका घोडा, निवडताना खरेदीचे बहुतेक नियम उलटे धरावे लागतात. कारण तारुण्य, तेज आणि वेग हे घोड्याची किंमत वाढवणारे गुण येथे दोष ठरतात, आणि चार-पाच मुले पाठीवर वागवून संसाराला विटलेला अठरा वर्षांचा पोनी मात्र हातोहात खपतो.

या कामी शेटलंड जातीचे नाव प्रथम निघते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील वादळी बेटांवरच्या या प्राण्याची उंची ४२ इंचांच्या आत असावी लागते. १८४२ च्या कायद्याने ब्रिटिश खाणींत दहा वर्षांखालील मुलग्यांना बंदी झाल्यानंतर जे पोनी कोळसा ओढण्यासाठी खाली उतरवले गेले त्यांत हा प्रमुख होता, तेव्हा मुलांशी त्याचा काही जुना हिशेब राहिला असल्यास त्यात नवल नाही. मूल पाठीवर बसताच तो मान खाली घालून चरू लागतो, आणि लगाम घट्ट धरलेले मूल त्याच्या मानेवरून अलगद गवतात उतरते. यावर उपाय म्हणून लगामाच्या कडीपासून खोगिरापर्यंत एक आखूड पट्टा बांधतात, ज्यामुळे मान खाली जात नाही. पोनी मग कुंपणावरची पाने खातो.

विक्रेते ‘बॉम्बप्रूफ’ हे विशेषण सढळपणे वापरतात. ट्रॅक्टर, कुत्री किंवा वाऱ्यावर उडणारी पिशवी यांना न बुजणारा, असा त्याचा अर्थ असतो. मुरलेला खरेदीदार ठरल्या वेळेआधीच पोहोचतो, कारण तबेल्यात खोगीर चढवून तयार ठेवलेला पोनी कुरणातून पकडण्यात सकाळ गेली होती काय, हे एरवी कळत नाही. जुन्या मराठी अश्वपरीक्षेत घोड्याच्या अंगावरचे शुभाशुभ भोवरे पाहात असत. येथे विक्रेत्याच्या मुलाच्या कोपरांवरचे खरचटे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

सर्वोत्तम पोनी मात्र जाहिरातीपर्यंत क्वचितच येतो. तो ओळखीपाळखीत हातोहात फिरतो, आणि त्यासाठी नंबर लावून बसलेली सुसंस्कृत कुटुंबे शेजाऱ्याच्या मुलीची उंची, तिच्या आईवडिलांहूनही अधिक आस्थेने, दर महिन्याला विचारत राहतात.