साडूच्या गाडीपुढे

सख्खा भाऊ कितीही पुढे गेला तरी माणूस सहन करतो. साडू पुढे गेलेला सहन होत नाही. भावाची प्रगती एकदाच कळते. साडूची प्रगती रोज रात्री जेवताना भाजीसोबत ताटात वाढली जाते.

आमचे साडभाऊ दिग्रसला असतात. 2024 च्या दसऱ्याला त्यांनी गाडी घेतली. पांढरी, उंच, कागदोपत्री 150 घोड्यांची. ती दाखवायला ते मानोऱ्याला आले, आमच्या दारातल्या मारुती आठशेला एक प्रदक्षिणा घातली आणि अत्यंत प्रेमाने म्हणाले, "अजून चालते?" एवढंच. बायको आत गेली आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचे असे आवाज आले की चहा मागायची कोणाची छाती झाली नाही.

त्याच आठवड्यात सासूबाई आमच्याकडे मुक्कामाला होत्या. पोहरादेवीला बंजारा समाजाच्या इतिहासाचं संग्रहालय झालंय, नगाऱ्याच्या आकाराचं. 5 ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं आणि तालुक्यात दुसरा विषय नव्हता. सासूबाईंना तो नंगारा पाहायचा होता, देवीचं आणि सेवालाल महाराजांचं दर्शन घ्यायचं होतं. दोन्ही जावई "माझ्या गाडीत चला" म्हणू लागले. म्हातारीने आयुष्यभर दोन मुलींची भांडणं मिटवलेली. म्हणाली, "दोनी गाड्या काढा. जाताना मोठ्या जावयाच्या गाडीत बसतो. येताना ज्याची गाडी आंधी पोचन त्याच्या गाडीत."

पैज लागली. मोटार वाहन कायद्याच्या 189 कलमाखाली रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे, म्हणून मी अट घातली की ज्याचा काटा साठच्या वर जाईल तो हरला. साडभाऊ हसले. आठशेचा काटा साठच्या वर गेला तर सत्यनारायण घालावा लागतो हे त्यांना माहीत होतं.

आमचा भाचा तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो सुट्टीत आला होता. फोर्डने 1966 ला ल मान्सच्या शर्यतीत फेरारीला कसं हरवलं त्यावरचा सिनेमा त्याने नुकताच पाहिला होता. "मामा, तुमी फकस्त हो म्हना. आठशेची स्पोर्ट्स कार करतो."

मी हो म्हणायच्या आत मामी म्हणाली, "कर."

त्याने आधी वहीत गणित मांडलं. आठशेची पहिली किल्ली 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली आणि 2014 साली तिचं उत्पादन थांबलं. आमची त्या दोन टोकांच्या मधली. 796 सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर, वजन साडेसहाशे किलोच्या घरात, ताकद 37 घोडे. त्यांतले किती घोडे अजून दावणीला आहेत ते मिस्तरीलाच ठाऊक. म्हणजे एका घोड्याच्या वाट्याला साडेसतरा किलो. साडभाऊंच्या गाडीचं वजन सतराशे धरलं तर तिकडे एका घोड्याला सव्वाअकरा किलो. बरोबरी करायची तर आठशे चारशेवीस किलोवर आणावी लागणार. आकडाही नेमका चारशेवीस निघाला, हा शुभसंकेत म्हणायचा की काय, कळेना. मागची सीट, स्टेपनी, जॅक, बंद पडलेला टेप, दाराचे आतले पुठ्ठे, सगळं काढून चाळीसेक किलो भरले. उरलेल्यांसाठी त्याची नजर माझ्या पोटावर आली, तिथून मामीकडे गेली आणि लगेच खाली वळली.

मग त्याने आखूड स्प्रिंगा बसवून गाडी दाबली. सायलेन्सर काढून रुंद पाइप बसवला. त्यामुळे वेग किती वाढला सांगता येत नाही, पण ही गाडी सुरू झाली की शेजारच्या गल्लीतलं बाळ उठायचं. डिकीवर अकोल्याहून आणलेला स्पॉयलर लावला. या स्पॉयलरचं शास्त्र मोठं मजेचं आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. शर्यतीच्या गाडीला अडीचशेच्या वेगात हा दाब जमिनीला धरून ठेवतो. चाळीसच्या वेगात त्यावर फार तर कपडे वाळत घालता येतात. शिवाय आठशेला ओढणारी चाकं पुढे आणि स्पॉयलर मागे. म्हणजे जी चाकं काम करतात त्यांना सोडून, जी नुसती मागून फिरतात त्यांच्यावर दाब. सरकारी कचेऱ्यांत ही पद्धत जुनीच आहे.

एके दिवशी तो घरच्या कूलरच्या पंख्याकडे बघत बसला. 1978 साली ब्रॅबहॅम कंपनीने गाडीच्या मागे मोठा पंखा लावला होता म्हणे. गाडीखालची हवा तो ओढून घ्यायचा आणि गाडी रस्त्याला चिकटायची. निकी लाउडाने स्वीडनची शर्यत त्या पंख्यावर जिंकली. एकच शर्यत धावली ती, पुन्हा पंखा दिसला नाही. हे सगळं खरं आहे, पण आमच्या कूलरचा पंखा मामीने काढू दिला नाही. मानोऱ्यात ऑक्टोबर म्हणजे काय असतं हे स्वीडनला काय माहीत?

चाचणीसाठी गाडी बाहेर काढली. गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा असं इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. आमच्याकडे तो ज्याच्या घरासमोर असेल त्याच्या स्वभावानुसार असतो. पहिल्याच गतिरोधकावर आमची स्पोर्ट्स कार पोटावर बसली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि ऑइल चेंबर मधोमध. चार जणांनी उचलून ती उतरवली. स्पॉयलरचा उपयोग तेव्हा झाला. धरायला बरा पडला.

गाडी ढकलत मिस्तरीकडे नेली. तिथे दोन-तीन म्हातारे कायम बसलेले असतात. ही सगळी शंकरपटातली, म्हणजे बैलांच्या शर्यतीतली, जुनी माणसं. कुठली जोडी कोणत्या साली तळेगाव दशासरच्या पटात कशी सुटली ते सांगायला त्यांना वही लागत नाही. 2014 ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हा ही माणसं सुतक लागल्यासारखी हिंडत होती. डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला, तेव्हा कुठे ती पुन्हा मिशीला पीळ देऊ लागली. त्यांतल्या एकाने आठशेभोवती फिरून, खाली वाकून, बैलाचे खूर पाहावेत तशी चाकं पाहिली.

"पोरा, पटाचा छकडा हलका करतेत हे खरं हाय. पन पट सुटते सपाट जागेवर. तुया रस्ता सपाट हाय का?"

भाचा गप्प. मग इंजिनिअरिंगची अब्रू राखायला त्याने एक गोष्ट सांगितली, आणि ती मात्र लाखमोलाची निघाली. 1983 च्या जानेवारीत माँटे कार्लोची रॅली होती. ऑडी क्वाट्रोची चारही चाकं ओढणारी, बर्फात तिला तोड नव्हती. लान्चियाच्या गाडीची फक्त मागची दोन. तेव्हा लान्चियाच्या पथकाचे प्रमुख चेझरे फिओरिओ यांनी गाडीत नवीन काही करत बसण्यापेक्षा स्थानिक लोकांना हाताशी धरून रस्त्यावर मीठ टाकवलं. बर्फ वितळलं, रस्ता उघडा पडला, ऑडीची दोन जादा चाकं बिनकामाची झाली. पहिला आणि दुसरा नंबर लान्चियाचा. वर्षअखेरीस कंपन्यांचं अजिंक्यपदही त्यांनीच दोन गुणांनी नेलं.

मिस्तरीने हातातला पाना खाली ठेवला. "म्हंजे त्याईनं गाडी नाई, रस्ता बदलवला?"

"हो काका."

"मंग आपल्याले मीठ कायले पायजे? आपल्याकडं सोयाबीन हाय ना."

रात्री मिस्तरीने जुन्या स्प्रिंगा परत चढवल्या, सायलेन्सर लावला, मागची सीट बसवली. प्लग साफ केले, टॅपेट सेट केले, एअर फिल्टर झटकला, टायरमध्ये हवा बरोबर भरली. खर्च चहापाण्याएवढा. स्पॉयलर तेवढा भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून राहू दिला.

आता परगावच्या वाचकांसाठी सांगतो. ऑक्टोबरात आमच्या भागातला रस्ता हा रस्ता नसतो, ते खळं असतं. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता 4892 रुपये क्विंटल. तो हवा असेल तर दाण्यात ओलावा 12 टक्क्यांच्या वर नको. बाजारात भाव त्याहून पडलेला. मग शेतकरी दाणा वाळवणार कुठे? सरकारने त्याला दिलेली सगळ्यात सपाट, काळी, तापणारी जागा म्हणजे डांबरी रस्ता. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन, कडेला दगड, दगडांपलीकडे बाज, बाजेवर मालक. मळणी यंत्र मध्येच आडवं. याला कोणी अतिक्रमण म्हणत असेल तर त्याने आधी गोदामं बांधून द्यावीत.

रविवारी सकाळी निघालो. साडभाऊ सासूबाईंना घेऊन पहिल्या वळणालाच दिसेनासे झाले. भाचा नखं खात होता, बायको देवीला नवस बोलत होती. मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो.

पुढे एका गावाजवळ ती पांढरी गाडी उभी. साडभाऊंनी वाळत्या सोयाबीनजवळ जोरात हॉर्न वाजवला होता आणि मग एक चाक ताडपत्रीवर चढवलं होतं. मालक बाजेवरून उठून बोनेटसमोर उभा होता. "हॉर्न कोनाले वाजवता? दाना उडते का त्यानं?" 150 घोडे जागच्या जागी फुरफुरत होते.

इथे माझा धंदा सांगायला हवा. माझं कृषी केंद्र आहे. खत, बियाणं, फवारणीची औषधं. जूनमध्ये अर्धा तालुका माझ्याकडून उधारीवर नेतो आणि सोयाबीन विकल्यावर देतो, म्हणजे द्यायचं म्हणतो. आठशे हीच वसुलीची गाडी. तिचा आवाज पंचक्रोशीत ओळखीचा आहे.

तो आवाज आला आणि बोनेटसमोरचा गडी एकदम माझ्याकडे पाहून थबकला. मग वाद अर्धवट टाकून तो शेजारच्या तुरीत शिरला. कडेने जागा होती, मी हळूच निघालो. साडभाऊ मागे यायला लागले तोवर तुरीतून दुसरा, ज्याची उधारी नव्हती असा, हक्काने बाहेर आला आणि दाण्याचा हिशोब मागू लागला.

त्यापुढचा प्रवास मी विसरणार नाही. जिथे जिथे बाज होती तिथली बाज रिकामी. मळणी यंत्रवाल्याने यंत्र बाजूला घेतलं आणि स्वतः त्याच्या मागे गेला. ट्रॅक्टर शेतात उतरले. मंत्र्याच्या ताफ्याला मिळत नाही असा मोकळा रस्ता मला पोहरादेवीपर्यंत मिळाला. ना हॉर्न, ना टर्बो. भाचा म्हणाला, "मामा, हे कोन्त्याच पुस्तकात नाई."

साडभाऊ आले तेव्हा आम्ही दर्शन घेऊन, नंगाऱ्यासमोर फोटो काढून, भज्यांची दुसरी प्लेट मागवली होती. सासूबाई शब्दाला जागल्या. एसी सोडून आठशेच्या मागच्या सीटवर बसल्या आणि खिडकी उघडून वाटेतल्या रिकाम्या बाजा बघत आल्या. "जावई," त्या म्हणाल्या, "तुमाले लोक लय मानतेत."

बायकोने त्या रात्री स्वतःहून चहा केला. साडभाऊंचं म्हणणं असं की रस्ता खराब होता. ते बरोबरच आहे, पण तो दोघांनाही तेवढाच खराब होता.

तेव्हापासून आठशे विकता का म्हणून लोक विचारायला येतात. विकायची नाही. स्पॉयलर हवा असेल तर घेऊन जा. आणि मानोरा तालुक्यातल्या ज्या मंडळींकडे बियाण्याचे पैसे बाकी आहेत त्यांनी हे वाचून लाजू नये, तुरीतही शिरू नये. दिवाळीआधी दुकानात आणून द्यावेत. रविवारी दुकान बंद असते.